शाळेच्या ग्रुपवरचा तो 'बिनव्याजी बँके'चा फॉरवर्ड

गेले आठ दिवस आमच्या खेडच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हणणं असं की इस्लामिक बँकेत व्याज नसतं, २००८ च्या मंदीत एकही इस्लामिक बँक हलली नाही, मलेशिया याच्याच जोरावर श्रीमंत झाला, हलालचा बाजार मुस्लिम देशांना वर काढतोय आणि भारतात हे सगळं मुद्दाम बंद ठेवलंय. खाली लगेच दुसऱ्या टोकाची मंडळी सुरू, थोतांड आहे, कट आहे वगैरे. ग्रुपमधले निम्मे जण दुबई-शारजा-कुवेतला राहून आलेले, त्याच बँकांत यांची खाती होती, तिथूनच गाड्या घेतल्या, हप्ते भरले, पण सही केलेला कागद परत काढून कोणी वाचलेला दिसत नाही. मी दुबईत नऊ वर्षं अकाउंट्समधे काढली, असले कागद फाईलला लावणं हेच काम होतं, म्हणून म्हणलं एकदा बसून लिहावं.

तर "व्याज नसतं" हा पहिला दावा. माझ्या गाडीचंच सांगतो. गाडी ६०,००० दिरहमची. बँकेने मला पैसे दिले नाहीत, आधी माझ्याकडून लिहून घेतलं की तुम्ही ही गाडी शोरूमकडून घ्या, मी ती तुमच्याकडून घेईन. मग बँकेने ती घेतली आणि मला ७२,००० ला विकली, महिना १,२०० प्रमाणे ६० हप्ते. याला मुराबहा म्हणतात, म्हणजे खरेदी किंमत उघड सांगून त्यावर ठरलेला नफा लावून विक्री. दोन कागद, दोन सह्या, एकच टेबल. बँक त्या गाडीची मालक किती वेळ होती म्हणाल तर मधे चहा आला तेवढा वेळ. आता १२,००० नफा पाच वर्षांवर वाटा, फ्लॅट चार टक्के पडतो, रिड्यूसिंगने, म्हणजे उरत जाणाऱ्या मुद्दलावर, काढलं तर सात-साडेसातच्या मधे. समोरच्या साध्या बँकेचा दर त्याच्याच आसपास होता, आणि त्यात नवल काही नाही, कारण इस्लामिक बँकाही आपला नफा ठरवताना बहुतेक वेळा बाजारातल्या व्याजदराकडेच बघतात.

बरं ही निदान खरी गाडी होती. पण माणसाला वस्तू नको, रोख हवी असेल तर? त्यासाठी तवर्रुक. बँक कसली तरी कमॉडिटी घेते, तुम्हाला उधारीवर चढ्या भावाने विकते, आणि तुमच्याच वतीने तिसऱ्याला रोखीत विकून पैसे खात्यात टाकते. मलेशियाच्या शेअर बाजाराने तर २००९ मधे यासाठी वेगळा प्लॅटफॉर्मच काढला, बुर्सा सुक अल-सिला, तिथे मुख्यतः पामतेलावर हे व्यवहार होतात. पर्सनल लोन घेणाऱ्या क्लार्कच्या नावावर काही मिनिटं पामतेल येतं आणि जातं, त्याला तेलाचा थेंब दिसत नाही की पत्ता लागत नाही. आणि हे मी खवचटपणे म्हणतोय असं वाटत असेल तर त्याच वर्षी ओआयसीच्या फिक्ह अकादमीने, म्हणजे इस्लामी देशांच्या संघटनेच्याच धर्मशास्त्रींच्या मंडळाने, असा आधीच जुळवून ठेवलेला तवर्रुक नाजायज ठरवला. त्याच्या दोन वर्षं आधी पाकिस्तानचे धर्मशास्त्री मुफ्ती तकी उस्मानी यांनी आखातातल्या बहुतेक सुकूकवर बोट ठेवलं होतं. सुकूक म्हणजे तिकडचे बाँड. मुद्दल परत मिळेल अशी हमी आधीच लिहून दिली तर जोखीम वाटून घेतली कुठे, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे सगळ्यात कडक टीका आतूनच झालीय, फॉरवर्डवाल्याला ती माहीत नाही एवढंच.

एक केस मात्र मी प्रत्येकाला सांगतो. मलेशियात एका माणसाने घरासाठी इस्लामिक पद्धतीने पैसे घेतले, चारेक लाख रिंगिट, २५ वर्षांसाठी. कागदावर 'विक्री किंमत' साधारण ९ लाख ९२ हजार. हप्ते थकले तेव्हा त्याचे भरून झाले होते ३३ हजारांच्या वर काहीतरी. बँकेने दावा लावला ९ लाख ५८ हजारांचा! का, तर हे कर्ज नाहीच, विक्री आहे, आणि विक्रीची किंमत ठरलेली असते, मुदत संपली काय आणि नाही काय. म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा न कमावलेला नफासुद्धा आजच द्या. नेहमीच्या व्याजवाल्या बँकेने एवढं मागितलं नसतं, ती उरलेलं मुद्दल आणि आजवरचं व्याज मागते. हायकोर्टाने बँकेला थांबवलं, आणि नंतर तिथल्या सेंट्रल बँकेने लवकर फेडीवर सूट द्यायचं कलम, ज्याला इब्रा म्हणतात, करारातच टाकायला लावलं. शारजातल्या वर्गमित्राने परवा पर्सनलवर विचारलं की मग मी गाडी घेऊ का नको. म्हणलं घे की बाबा, फक्त इब्रा कुठल्या पानावर आहे ते बघून सही कर.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींसाठीही एक गोष्ट. सगळंच नाटक आहे असंही नाही. माझा हप्ता पाच वर्षांत एका दिरहमने वाढला नाही, वाढवताच येत नाही, विकून झाल्यावर भाव बदलता येत नाही. उशीर झाला तर दंड लागतो पण तो बँकेच्या नफ्यात जात नाही, दानाच्या खात्यात टाकावा लागतो, आणि दंडावर दंड चढत नाही. क्रेडिट कार्डाच्या चक्रवाढीत अडकलेला माणूस ज्याने घरात बघितलाय त्याला याची किंमत कळेल.

"२००८ मधे एकही हलली नाही." अर्धं खरं. अमेरिकेतल्या गृहकर्जांची गाठोडी बांधून विकायचा जो खेळ होता तो यांना धर्माने वर्ज्य, त्यामुळे पहिला फटका वाचला, हे आयएमएफच्या अभ्यासकांनीही २०१० च्या पेपरात लिहिलंय. पण त्याच पेपरात पुढे आहे की २००९ मधे मंदी खऱ्या अर्थव्यवस्थेत उतरली तेव्हा काही इस्लामिक बँकांचा नफा साध्या बँकांपेक्षा जास्त घसरला, कारण जोखीम सांभाळण्यातली ढिलाई. फॉरवर्ड बनवणाऱ्याने पहिलं पान वाचलं आणि फोन खिशात टाकला. मी तेव्हा दुबईतच होतो. नोव्हेंबर २००९ मधे दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने देणी पुढे ढकलायची म्हणून जाहीर केलं आणि सगळ्यांचे डोळे लागले तिच्याच नखील या कंपनीच्या सुकूककडे, तीच नखील, समुद्रात खजुराच्या झाडाची बेटं बांधणारी. साडेतीन अब्ज डॉलरच्या वरचा सुकूक १४ डिसेंबरला फेडायचा होता, आणि त्याच दिवशी सकाळी अबू धाबीने दहा अब्ज डॉलर देतो म्हणून कळवलं तेव्हा कुठे तो फिटला. ऑफिसमधे त्या आठवड्यात कोणी काम केलं नाही, सगळे आपापल्या पगाराचा हिशोब लावत बसलेले. बुडालं नाही हे खरं, पण वाचवलं शेजारच्या तेलाने. आणि "कधीच बुडत नाहीत" म्हणणाऱ्यांनी तुर्कीची इहलास फायनान्स ही बिनव्याजी वित्तसंस्था बघावी, २००१ मधे बंद झाली.

मलेशियाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात तारखाच उलट्या लावल्यात. १९७० मधे द्वीपकल्पीय मलेशियात जवळपास निम्मी घरं गरिबीरेषेखाली होती. १९७१ ला नवं आर्थिक धोरण आलं, १९७२ ला इंटेलने पेनांगला कारखाना टाकला, १९७४ ला पेट्रोनास ही सरकारी तेल कंपनी, आणि रबर, पामतेल, फेल्डाच्या (भूमिहीनांना सरकारने जमीन देऊन वसवलेल्या) वसाहती हे तर आधीपासूनच चालू. पहिली इस्लामिक बँक, बँक इस्लाम, उघडली १९८३ ला. आणि दहा वर्षं ती एकटीच होती, साध्या बँकांना बिनव्याजी खिडकी, म्हणजे त्याच बँकेत वेगळा विभाग, उघडायची परवानगी १९९३ मधे मिळाली. आणि गरिबी १९९० पर्यंतच १७ टक्क्यांच्या आसपास उतरलेली होती. म्हणजे पोरगं बारावी पास झाल्यावर ज्या क्लासला नाव घातलं त्या क्लासने म्हणायचं, रिझल्ट आमचा. उलट जिथे कायद्याने अख्खी बँकव्यवस्थाच बिनव्याजी केली ते देश इराण आणि सुदान. इराणचा कायदा १९८३ चा. तिथल्या महागाईला निर्बंध, युद्ध अशी शंभर कारणं आहेत, मी ती बँकांच्या माथी मारणार नाही, पण मग मलेशियाचं श्रेयही बँकांना देऊ नका.

मलेशियात ज्याने खरंच फरक पडला ती गोष्ट फॉरवर्डमधे नाहीच, आणि मला तीच सांगायचीय. १९५९ मधे उंकू अझीझ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक टिपण लिहिलं. गावातला मलय माणूस हजला जायचं म्हणून आयुष्यभर पैसे गादीखाली, मडक्यात साठवतो, बँकेत टाकत नाही कारण व्याज हराम, मग तेवढ्याने भागत नाही म्हणून जमीन नाहीतर गुरं विकतो आणि परत येतो तो कफल्लक होऊन. आपल्या कोकणात ही गोष्ट कोणाला नवीन आहे? तर त्याने सुचवलं की यांची बचत एका ठिकाणी गोळा करा आणि व्याज न देता धंद्यात, मळ्यांत गुंतवून नफा वाटा. १९६३ मधे ती संस्था सुरू झाली, पुढे तिचं नाव ताबुंग हाजी. ज्यांनी जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती अशांची पासबुकं निघाली, मडक्यातला पैसा बाहेर आला. त्याच वर्षी इजिप्तमधे मित घम्र या गावी अहमद अल-नज्जारने बचत बँक काढली, जर्मनीत शिकून आलेला माणूस, तिथल्या गावोगावच्या बचत बँका बघून. राष्ट्राध्यक्ष नासरचा काळ होता, धार्मिक संघटनांवर सरकारचा डोळा, म्हणून इस्लामचं नाव पाटीवर न लावता. गंमत म्हणजे आपल्याकडच्या सहकारी पतपेढ्यांच्या १९०४ च्या कायद्यामागेही जर्मनीच, रायफायझनच्या पतसंस्था. म्हणजे आमच्या खेडची पतपेढी आणि मित घम्रची बँक लांबून मावसबहिणी निघाल्या.

ताबुंग हाजीचेही मी नुसते गोडवे गाणार नाही. २०१८ मधे हिशोब तपासला तर देणी मालमत्तेपेक्षा चारेक अब्ज रिंगिटने जास्त, तरी वर्षानुवर्षं नफावाटप चालू होतं, शेवटी सरकारने वेगळी कंपनी काढून पडेल मालमत्ता तिच्या गळ्यात बांधली. बचतीची पेढी चालवायला कारभार चोख लागतो, पाटी कुठलीही असो, हे सहकारी बँका बुडताना बघितलेल्या महाराष्ट्राला मी काय सांगू.

हलालच्या बाजारावर जास्त लिहीत नाही. बाजार मोठा आहे हे खरंच. पण हलाल कोंबडी जगभर सगळ्यात जास्त कोण विकतं? ब्राझील. मेंढी-बकऱ्याचं मांस ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं. ज्याच्याकडे चारा, कत्तलखाने, कोल्ड स्टोरेज आणि बंदर आहे तो विकतो, शिक्का नंतर मारून मिळतो. आपण स्वतः म्हशीचं मांस निर्यात करतो आणि गिऱ्हाइकाला हलाल लागतं म्हणून भारत सरकारनेच आय-कॅस हलाल नावाची प्रमाणपत्राची योजना काढलीय, ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक देशांना माल पाठवायचा तर ती लागते. कट म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आणि प्रगती म्हणणाऱ्यांनी इंडोनेशिया बघावा, तिथे खाण्यापिण्याच्या वस्तूंना प्रमाणपत्र सक्तीचं केलं, पण छोट्या धंदेवाल्यांची मुदत २०२६ पर्यंत पुढे ढकलावी लागली. हातगाडीवर भजी तळणाऱ्याला फॉर्म भरणं जमेना.

राहिलं "भारतात मुद्दाम बंद". बँकिंग रेग्युलेशन अॅक्ट १९४९ चा. त्यात बँकेला माल विकत घेऊन विकायला बंदी आहे, आणि मुराबहा म्हणजे तर तेच. हा नियम सगळ्यांना, धर्म बघून केलेला नाही. रघुराम राजन समितीने २००८ मधे बिनव्याजी वित्तपुरवठ्याचा विचार करा म्हणलं, २०१५ मधे दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत बिनव्याजी खिडकी सुचवली, २०१७ मधे रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारात कळवलं की पुढे जायचं नाही. इथे माझं मत फॉरवर्डवाल्याच्या जवळ आहे, खिडकी उघडायला हवी होती, ब्रिटनने २००३ मधे दुहेरी स्टॅम्प ड्यूटीची अडचण (घर आधी बँक घेणार, मग गिऱ्हाईक, म्हणून दोनदा) कायद्याने काढून टाकली तशी इथेही वाट निघाली असती. पण सगळंच बंद आहे हे खोटं. शरियतच्या चाळणीतून शेअर निवडणारा म्युच्युअल फंड टाटांचाच आहे. देवबंदला १९६१ पासून मुस्लिम फंड सोनं तारण ठेवून बिनव्याजी पैसे देतो. आणि आपल्या बार्शीत, लोकमंगल सहकारी बँकेच्या शाखेत २०१६ मधे बिनव्याजी ठेवी आणि बिनव्याजी कर्जाचा प्रयोग सुरू झाला होता, बँक भाजपच्या तेव्हाच्या सहकार मंत्र्यांशी संबंधित.

याच्या उलट टोकाला बेंगळुरूची आयएमए ही कंपनी. हलाल गुंतवणूक, दर महिन्याला नफा, आणि २०१९ मधे मालक दुबईला पसार. हजारो लोकांचे पैसे अडकले, आकडा ४,००० कोटींच्या आसपास सांगितला गेला, त्यात पोरींच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं विकून पैसे भरलेले लोक होते. देवबंदचा फंड ठेवीवर काहीच देत नाही, म्हणून त्याचा फॉरवर्ड कधी येत नाही. आमच्या ग्रुपवर ज्याने हा मेसेज टाकला त्यानेच दोन महिन्यांपूर्वी एका 'हलाल' स्कीमची लिंक टाकली होती, महिना तीन टक्के. मी तेव्हा विचारलं होतं की नफा-तोटा वाटून घ्यायचा तर महिना तीन टक्के आधीच कसे ठरले. त्याचं उत्तर अजून यायचंय.