मुलांना इतिहासापासून कसं जपावं

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तपासून घ्या. ते दर जिल्ह्याचं वेगळं निघतं, आणि धोका तिथेच आहे. आठ वर्षांच्या पोराला स्वतःचाच जिल्हा वाचायला दिला, की ते विचारणारच, 'इथे आधी काय होतं?' तुम्ही मुंबईत लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरात राहत असाल, तर जरा जास्तच जपा.

सगळ्यात आधी माळ्यावरची ट्रंक. तिच्यात आजोबांची पगाराची चिठ्ठी असते, वर गिरणीचं नाव आणि खाली 'साचेखातं', म्हणजे मागांचं खातं. शिवाय भाडेपावत्यांचा गठ्ठा. पावतीवर डिलाईल रोड आणि शाळेच्या दाखल्यावर ना. म. जोशी मार्ग! पोरगं दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलं, की संपलं. रस्ता तोच, मग नाव का बदललं? जोशी कोण? कामगार पुढारी? मग कामगार कुठे गेले? एवढी साखळी सोडवण्यापेक्षा रद्दीवाल्याला हाक मारणं सोपं. बिचारा किलोवर पैसेही देतो.

मॉलमधली उंच चिमणी दिसली तर 'डेकोरेशन' म्हणा. आता तिचा दुसरा उपयोग तरी काय? मॉलचं नाव फिनिक्स, जुन्या गिरणीचंच; फिनिक्स म्हणजे राखेतून उठणारा पक्षी, एवढं सांगायला हरकत नाही. राख कसली, हे विचारायच्या आत आइस्क्रीम घ्या.

इतिहासाची फारच हौस असेल, तर दिवाळीत किल्ला करू द्या. (मलाही किल्ले आवडतात.) तिथला मावळा मातीचा असतो, कितीही खोदून विचारा, तोंड उघडत नाही.

आजोबा मात्र उघडतात. '18 जानेवारी 1982' ही गिरणी संपाची तारीख त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख गिरणी कामगार, सगळं सुरू होतं. ते म्हणतात, 'लढलो.' स्वयंपाकघरातून आजी म्हणते, 'तुम्ही लढलात, डबे मी केले. पाटल्या गहाण पडल्या त्या माझ्या.' आता आली का पंचाईत! घटना एक, साक्षीदार दोन, हकिकती दोन, आणि दोन्ही खऱ्या. हे तिसरीतच कळलं, तर पोरगं पुढे छापील धड्यालाही विचारेल, 'हे कोण सांगतंय?' वर्गात साठ मुलं असताना बाईंनी काय करायचं?

म्हणून 'घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा' असा प्रकल्प आला, की थेट स्टेशनरीच्या दुकानात जा. 'आपला परिसर'चा तयार तक्ता मिळतो: पोस्ट, दवाखाना, बाग, हसरा पोलीस. चिकटवा आणि सही करा. आजोबांना त्या संध्याकाळी खाली कट्ट्यावर धाडा. नाहीतर ते सांगून बसतील की तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, आणि पाहुण्यांदेखत पोरगं विचारेल, 'म्हणजे आजोबा अजून संपावरच आहेत?'

टीव्हीचा रिमोट हाताशी ठेवा.