आमचं ६४०, काकांचं ६१२

“मॅडम, हे वॉरंटीत बसत नाही. तुमचं पाणी खराब आहे.”

गिझरवाला हे इतक्या सहज बोलला की जणू मीच रोज रात्री गच्चीवर जाऊन टाकीत चुना कालवून येते. वॉरंटी कार्डाच्या मागे अगदी बारीक अक्षरात खरंच छापलंय की क्षारांमुळे झालेलं नुकसान आमच्याकडे नाही. म्हणजे पाणी तापवायच्या मशीनला पाण्यानेच काही झालं तर कंपनीचा संबंध संपला!

त्याने कॉइल बाहेर काढली तर चुन्यात लोळवलेली कुरडई. स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं तसे बाथरूमभर पापुद्रे पडले. मग त्याने फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला, वर ठाण्यातल्या आमच्या भागाचं नाव, ‘घोडबंदर’, असं लिहून, आणि दोन मिनिटांत त्याला अंगठे आले. माझ्या बाथरूमला अंगठे. टाकी गंजू नये म्हणून आधी स्वतः झिजणारा एक मॅग्नेशियमचा रॉड असतो आत, त्याची फक्त तार उरली होती. घरात माझ्यासारखं अजून कोणीतरी आहे हे बघून बरं वाटलं.

दार उघडं होतं. आमच्या मजल्यावर उघडं दार म्हणजे समोरच्या काकांना आमंत्रणच. लोक खिशाला पेन लावतात, काका टीडीएस मीटर लावतात, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं. रिटायर झाल्यावर मुलाने घेऊन दिलं, तेव्हापासून काकांनी एकही द्रव पदार्थ न मोजता सोडलेला नाही.

“बघू गं, भांडं आण.” मीटर बुडवलं. “६४०! अगं काय हे? आमच्याकडे ६१२ आहे.”

“काका, टाकी एकच आहे आपली.”

“असेल. पण आमच्याकडे ६१२ आहे.”

आवाजात असा काही अभिमान की जणू नातवाला बोर्डात जास्त मार्क पडलेत. मग आरओचं पाणी मोजलं, ४०. “हे पिऊ नको, यात काहीच नाही, हाडं ठिसूळ होतील.” मग गिझरवाल्याची बाटली मोजली, तो बिचारा ‘अहो काका, प्यायची आहे’ म्हणत राहिला. मग ओट्यावर सासूबाईंसाठी काढून ठेवलेलं ताक. मीठ घातलेलं होतं, आकडा हजारांत गेला आणि मीटर लुकलुकायला लागलं. “ताक बंद करा,” काका गंभीरपणे म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर पेला रिकामा केला.

आता हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षार सांगतं, मीठसुद्धा त्यातच आलं. कॉइलवर जे चढतं ते कॅल्शियम नि मॅग्नेशियम, त्यातलं नेमकं किती हे त्याला कळतच नाही, त्यासाठी वेगळी टेस्ट करावी लागते. मी हे सांगायला गेले तर काका म्हणाले, “आकडा खोटं बोलतो का?”

सासूबाईंचा विषय निघालाय तर सांगून टाकते. त्या सांगलीच्या, लग्न झाल्यापासून मी ऐकतेय की माझी तूरडाळ शिजत नाही. शिट्ट्या वाढवल्या, हळद आधी घातली, हिंग नंतर घातला, तरी डाळ वेगळी नि पाणी वेगळं. जड, म्हणजे जास्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही हे गिझरवाला त्यांच्यासमोर बोलला तेव्हा त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातात त्याचं बिल होतं.

बरं, पालिकेचं पाणी वाईट नाही हो. भातसा नदीचं, पावसाचं साठलेलं, मऊ. पण ते येतं थोडंसं, उरलेलं बोअरचं आणि टँकरचं, आणि टँकरवाला तरी कुठून आणतो, कुठल्या तरी बोअरमधूनच. जमिनीखाली मुरलेलं पाणी खडकातले क्षार घेऊन वर येतं, तापलं की त्यातलं कॅल्शियम कॉइलवर बसतं, आणि थर चढलेली कॉइल आतल्या आत जास्त तापून लवकर जळते. पिण्याच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. आम्ही कायम ‘दुसरी सोय नसेल’वालेच. भातसा, तानसा ही धरणं आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी तिथून जातं आणि खुद्द शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. त्यांच्यापुढे माझ्या गिझरचं रडगाणं काय गायचं, हे कळतं मला. तरी टॅक्स भरायचा, मेंटेनन्स भरायचा, टँकरचे वेगळे, वॉशिंग मशीनमधला थर काढायच्या पावडरचे वेगळे, आणि वर ऐकायचं की पाणी तुमचं खराब. आणि इथे अजून टॉवर उठतायत, जाहिरातीत प्रत्येकाला स्विमिंग पूल.

यावर उपाय नव्हता असं नाही. सोसायटीत पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा डेमो झाला होता. त्यात रेझिन असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवून घ्यायचं की झालं. म्हणजे टीडीएस जवळजवळ तेवढाच राहणार, राहायलाच हवा. पण काकांनी आधी मीटर बुडवलं, नंतर मीटर बुडवलं, आकडा तोच, आणि सभेत उभं राहून जाहीर केलं, “शुद्ध फसवणूक आहे!” टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. त्यातच कोणीतरी म्हणालं, मिठाचा खर्च कोण करणार.

हे सगळं मला नेमकं त्या क्षणी आठवलं, काका माझ्या बाथरूममध्ये उकिडवे बसून पापुद्रे कागदात बांधत होते तेव्हा. सभेत दाखवायला म्हणे.

जाता जाता गिझरवाल्याला म्हणाले, “आमचं ६१२च आहे, तरी आलाच आहेस तर नजर टाकून जा.”

पंधरा मिनिटं समोरून नुसती ठोकाठोक ऐकू येत होती. मग काकू आल्या, हातात रिकामी बादली.

“गरम पाणी मिळेल का गं? ह्यांच्या गिझरची टाकीच फुटलीय.”

भरून दिली. ६४०चं आहे, म्हटलं, चालेल ना काकांना?