अनंत रोगट नव्हता : १ ताऱ्याच्या अभिप्रायाला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. फेब्रुवारीअखेर नेलेल्या अनंताच्या ४ फुलझाडांची पानं दोन महिन्यांत पिवळी पडली, कळ्या न उमलता गळाल्या, तामण म्हणून नुसती काठी दिली, बाहेर १५० ला मिळणारा अनंत ३५० ला दिला, आणि तक्रार घेऊन आलात तेव्हा रविवारच्या गर्दीत कुणी धड बोललं नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "रोगट झाडं गळ्यात मारली" हे वाक्य फार लागलं. नवीन गिऱ्हाईक गेटात पाय टाकायच्या आधी हेच वाचतं, आणि आमच्याकडे काम करणाऱ्यांची घरं याच गिऱ्हाइकांवर चालतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हीच टाकलेले फोटो मोठे करून बघा. पिवळी पडलीत ती शेंड्याकडची कोवळी पानं, आणि त्यांच्या शिरा अजून हिरव्या आहेत. खालची जुनी पानं चांगली गडद आहेत. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. मूळकूज असती तर सगळं झाड मलूल झालं असतं, मुळं तपकिरी पडून त्यांची साल हाताला सुटून आली असती. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत असते तर मुळांवर गाठी दिसल्या असत्या. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची पानं पिवळी झाली असती. यातलं काहीच तुमच्या फोटोत नाही.

अनंताला आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण ५ ते ६.५ (हा आकडा ७ च्या खाली तर माती आम्ल, वर तर अल्कधर्मी). कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो फारसे लाड न करता फुलतो. तुमची माती काळी आहे, दुसऱ्या फोटोत चुनखडीचे पांढरे खडे स्पष्ट दिसतात. अशा मातीचा पीएच ८ च्या आसपास किंवा वरच असतो. तिथे लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. खात्री करायची तर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुना आहे. त्यात चारही झाडं कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम फूटभरावर, आणि नव्या प्लास्टरचा राडारोडा त्याच खड्ड्यांत मुरलेला. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर मुळांशी उतरतो. एक्झोराचं झुडूपही अशा भिंतीलगत असाच पिवळा पडतो.

आणि पाणी. "रोज फिल्टरचं पाणी घालूनही" असं तुम्ही लिहिलंय. पण तिसऱ्या फोटोत बादलीत सोडलेली नळी आरओच्या टाकाऊ पाण्याची आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन येतात. मातीवर चढलेली पांढरी पापडी त्याचीच. फरशी पुसायला ते पाणी वापरा, अनंताला एक तांब्याही नको. कळ्या गळण्याचं कारणही यातच आहे : मुळं आधीच बेजार, वर एप्रिलचं ऊन.

झाडं देताना आमच्या माणसाने माती कुठली, हे विचारलं होतं. "ते माळी बघेल," असं उत्तर मिळालं.

काठीचं म्हणाल तर, तामण हिवाळ्याअखेर पानं टाकतो. महाराष्ट्राचं राज्यफूल ज्याला येतं तेच हे झाड, आणि पानगळीत असताना त्याला जागा बदलण्याचा त्रास कमी होतो. चौथ्या फोटोत मागे त्याला पालवी फुटलेली दिसतेच आहे. बाहेर १५० ला मिळणारा अनंत छोट्या पिशवीतला असतो, आमचा ३५० चा १२ इंची पिशवीतला होता.

आता उपाय. भर उन्हाळ्यात झाडं उपटू नका. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह आणा. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही, तो फवारणीपुरताच. झाडाला ५ ग्रॅम, ५ लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत, संध्याकाळी. तीनचार आठवड्यांनी परत. हिराकस (फेरस सल्फेट) या मातीत टाकून उपयोग नाही, मात्र फवारणीला चालतं : लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर. भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. फरक नव्या पानांत बघायचा, जुनी सगळी हिरवी होतीलच असं नाही.

पाऊस नीट लागला की चारही झाडं १६ इंची कुंड्यांत हलवा. २ भाग लाल माती, २ भाग कोकोपीट, १ भाग पालापाचोळ्याचं खत. राख अजिबात घालू नका. पावसाचं पाणी साठवता आलं तर यांच्यासाठीच ठेवा. भिंतीच्या बाजूला पारिजातक, देवचाफा, कण्हेर यांतलं काही लावा, पुढे कर्दळ. काळ्या मातीत ही झाडं कुरकुर करत नाहीत. पारिजातकाला भिंतीपासून ५ फूट तरी सोडा, तामणाला १० पेक्षा कमी नको.

एकदा लावलेलं झाड आम्ही बदलून देत नाही, तसं बिलावर छापलेलं आहे. तरीही २ अनंत कुंडीसाठी आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. पिशव्यांना मातीची माहिती देणारी चिठ्ठी लावायचं आणि रविवारी जास्तीचा माणूस ठेवायचं बघतो आहोत. हे सगळं पटलं तर "रोगट" हा शब्द तेवढा बदलावा, तारे किती द्यायचे ते तुमच्यावर.

येताना खड्ड्यातली दोन मुठी माती आणि बोअरचं बाटलीभर पाणी आणा, पीएच इथेच तपासून देतो. मंगळवार ते शुक्रवार सकाळी या, तेव्हा निवांत बोलता येईल.