खुलासा: बिअरला हवा नकोच, हे मी चुकीचं लिहिलं

‘कडक बिअर आंबवताना हवा अजिबात लागू देऊ नका’ हा सांगलीच्या ग्रुपवरचा माझाच मेसेज आता तासगावपर्यंत फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. परदेशात घरी बिअर करणाऱ्या माझ्या भावाची बॅच अर्ध्यावर अडकली, तेव्हा मी नीट वाचलं.

यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतोच. त्यावर ते पेशींच्या आवरणासाठी स्टेरॉल (एक स्निग्ध पदार्थ) बनवतं. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पाणी जितकं गोड, तितका ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि गरज मात्र वाढते. भांडं हलवून जेमतेम ८ पीपीएम (दहा लाखांत ८ भाग) ऑक्सिजन मिळतो; माल्टच्या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या १.०७५ पटीच्या वर, म्हणजे ते खूप गोड असेल, तर १० तरी हवा. म्हणून पाणी निवल्यावर शुद्ध ऑक्सिजन सोडतात. आंबल्यानंतर मात्र हवा नको, पुठ्ठ्यासारखी चव येते.

(आपल्याकडे विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे, हेही लिहायचं राहिलं होतं.) जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.