राघोबादादा, एकोणीस हजार बैल आणि एक फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवरून आला. शेवटचा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, टँकरच्या हिशोबाखाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकेकाळचे वैरी नाइलाजानं एकत्र प्रवासाला निघतात, ही साहसकथा परदेशी उसनवारी आहे. आपल्या इतिहासात वैरी तो वैरी. शत्रूच्या सोबत चालला तो फितूर. अशा गोष्टीत शेवटी गळाभेट होतेच, म्हणून ती खोटी. आणि ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी तर ऐतिहासिक कथेच्या वाटेला जाऊच नये, कारण इथलं सगळं सिडकोनं वसवलंय.

उसनवारीचं आधी. जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिवाजी महाराज मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेबरोबर विजापूरवर निघाले. पुरंदर लढवणारे मुरारबाजी तिथं पडले त्याला तेव्हा अर्धं वर्ष होत होतं. ज्यांनी तोफा डागल्या आणि ज्यांनी त्या झेलल्या, ते एकाच वाटेनं चालले, आणि फलटण, ताथवडा, मंगळवेढा ही ठाणी मराठ्यांनी मोगलांसाठी घेतली. ही कुठल्या परदेशी सिनेमाची नक्कल?

‘फितूर’ हा शब्द लिहायला सोपा आहे. त्याच मोहिमेत महाराजांचे सरनौबत नेताजी पालकर होते. पन्हाळ्याचा हल्ला फसल्यावर ते विजापूरकरांकडे गेले, तिथून मोगलांकडे, मग कैद, धर्मांतर, नाव मुहम्मद कुलीखान. 1676 मध्ये ते परत आले आणि महाराजांनी त्यांना घेतलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं त्यांना कुठल्या खान्यात टाकलं असतं? आणि पेशवे बाळाजी विश्वनाथांना? ज्या मोगल सुभेदार सय्यद हुसेनअलीशी दख्खनमध्ये मराठ्यांच्या लढाया चालल्या होत्या, त्याच्याच फौजेसोबत ते दिल्लीला गेले आणि 1719 मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे करवसुलीच्या हक्काच्या, सनदा घेऊन आले. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटल्या त्या याच खटाटोपातून.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ‘इथं सगळं सिडकोचं.’ सिडको आली 1970 साली. ठाण्याचा किल्ला त्याआधीचा, पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि रोज हजारो लोक त्या भिंतीकडे न बघता रिक्षा पकडतात. (मीही.)

1774 मध्ये पेशवाईसाठी इंग्रजांची मदत मागणाऱ्या रघुनाथरावांना, म्हणजे राघोबादादांना, इंग्रजांनी साष्टी (ठाणं ज्यावर आहे ते बेट) आणि वसई मागितली. ते द्यायला तयार नव्हते. डिसेंबराच्या शेवटी इंग्रजांनी हा किल्ला सरळ हल्ला करून घेतला आणि आतल्या शिबंदीतले बहुतेक मारले गेले. दोन-अडीच महिन्यांनी, मार्च 1775 मध्ये, सुरतेच्या तहात दादांनी तेच ठाणं, तीच साष्टी लिहून दिली. फॉरवर्डला हवं तसं काळं-पांढरं यात शोधून दाखवा.

आणि मग 1778 ची स्वारी. मुंबईहून इंग्रज फौज खाडी ओलांडून पनवेलला उतरली, सोबत दादा. लढणारे चार हजारांच्या आतले, बैल मात्र एकोणीस हजार! बोरघाटातून तोफा वर न्यायलाच डिसेंबर संपत आला. खंडाळा ते कार्ला, आपण चहाच्या एका थांब्यात कापतो तेवढं अंतर, त्याला दहा-अकरा दिवस लागले. वर दोन्ही बाजूंनी मराठी घोडदळ घिरट्या घालतंय, आणि दादा सांगतायत की सरदार आपल्याकडे येतील. एकही आला नाही. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवलं. शत्रूच्या मर्दुमकीला नाव देणं आपल्याला चांगलं जमतं. फौज तळेगावला पोचली तर गाव जाळून रिकामं केलेलं. 11 जानेवारी 1779 च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून माघार सुरू झाली. वडगावला फौज कोंडली गेली आणि तह करावा लागला.

कथेला यापेक्षा काय लागतं? ज्यांच्यापायी ठाणं गेलं त्यांच्याच तंबूशेजारी तंबू. एकाला दुसऱ्याचं नाव हवं, दुसऱ्याला पहिल्याच्या तोफा, आणि दोघांनाही मनातून ठाऊक की समोरचा वेळ आल्यावर आपल्याला विकेल. मला त्या माघारीच्या रात्रीचा प्रसंग लिहायचा आहे: अंधार, हाकेला न बधणारे बैल, आणि कोणीच दादांशी बोलत नाही.

गळाभेटीचा मुद्दा इथंच निकालात निघतो. इंग्रज आपल्याला सोपवणार हे दिसताच दादा स्वतः समोरच्या मराठी फौजेतल्या महादजी शिंद्यांच्या छावणीत गेले. म्हणजे आता दुसऱ्या वैऱ्याची सोबत! त्यांना झाशीकडे रवाना केलं, तर नर्मदेच्या आसपास पहारा मोडून ते निसटले आणि सुरतेला पुन्हा इंग्रजांच्याच दारात. प्रेम कुणाचं कुणावर जडलं नाही. शेवट गोड करणारे लेखक आहेत, हे खरं. तो दोष त्यांच्या शेवटाचा. कथा त्यानं खोटी होत नाही.

वडगावच्या तहात साष्टी परत द्यायचं ठरलं होतं. मुंबईकर इंग्रजांनी तो तह मानलाच नाही, आणि 1782 मध्ये सालबाईच्या तहानं साष्टी कायमची त्यांची झाली. ठाणे-पनवेल लोकलनं आता तासाभरात जाता येतं. पनवेलला उतरून घाटाकडे बघा, आणि मग तो मजकूर पुढे पाठवायचा का ते ठरवा.