कच्चा आवाज मिक्सिंगमध्ये घालता येत नाही

दोन-तीन गुळगुळीत अल्बम झाले, किबोर्ड वाढले, मोठा निर्माता आला, की पुढच्या अल्बमच्या मुलाखतीत ‘आम्ही पुन्हा गॅरेजकडे वळलोय’ (म्हणजे सुरुवातीच्या कच्च्या आवाजाकडे) हे वाक्य ठरलेलं. बरेचसे बँड वळत-बिळत काही नाहीत, नुसता फझ, म्हणजे गिटारचा फाटका-खरखरीत आवाज, वाढवतात.

ब्लॅक कीज या अमेरिकन रॉक बँडचं उदाहरण घ्या. या एकाच बँडने खोटं परतणंही करून दाखवलंय आणि खरंही.

ओहायोतल्या ॲक्रनचे हे दोघे. डॅन ऑरबाख गिटार आणि गाणं, पॅट्रिक कार्नी ड्रम. बास गिटार नाहीच. २००३ चा ‘थिकफ्रीकनेस’ हा अल्बम कार्नीच्या तळघरात टॅस्कॅम ३८८ वर १४ तासांत उरकलेला. हे यंत्र म्हणजे पाव इंची टेप, तेवढ्यात आठ ट्रॅक, वेग सेकंदाला साडेसात इंच आणि मिक्सर त्यातच बसवलेला. इतक्या अरुंद ट्रॅकवर सिग्नल जोरात मारला की झांजांची धार बोथट होते आणि स्नेअर (ड्रमसेटमधला तडतडणारा ड्रम) दबून जाड वाजतो. शिवाय ट्रॅक आठच, म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणायची सोयच नाही. जे काय ठरवायचं ते वाजवतानाच.

२००८ ला ‘अटॅक अँड रिलीज’साठी डेंजर माउस निर्माता म्हणून आला, पुढे ‘एल कमिनो’, ‘टर्न ब्लू’. बँड स्टेडियमवाला झाला. मग पाच वर्षं काही नाही, आणि २०१९ ला ‘लेट्स रॉक’: बाहेरचा निर्माता नाही, किबोर्ड नाही, इलेक्ट्रिक गिटारला मानाचा मुजरा वगैरे. गाणी चांगलीच आहेत, वाद नाही. पण हेडफोन लावून ऐका. गिटारींचे थरावर थर, मागे कोरस, प्रत्येक वाद्य आपापल्या चौकटीत शिस्तीत बसलेलं. हा चकाचक पॉप-रॉक आहे, फक्त किबोर्ड काढलेला. दोन माणसांचा आवाज तो नव्हेच.

खरं परतणं २०२१ च्या ‘डेल्टा क्रीम’मध्ये आहे, आणि गंमत म्हणजे त्यात माणसं वाढलीत. ‘लेट्स रॉक’ झाला तोच नॅशव्हिलचा ईझी आय साउंड स्टुडिओ, पण सोबत मिसिसिपीच्या हिल कंट्री ब्लूजचे दोन मुरलेले वादक: त्याच शैलीच्या आर. एल. बर्नसाइडबरोबर वाजवलेला केनी ब्राउन आणि तशाच ज्युनियर किंब्रोबरोबर वाजवलेला एरिक डीटन. तालीम नाही, दोन दुपारी, सगळे मिळून साधारण दहा तास. एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसलेली गाणी, लय किंचित पुढे-मागे, कुठे तार चुकून लागलेली तशीच ठेवलेली. स्टुडिओ तोच. बदलली ती काम करायची पद्धत.

म्हणून माझं म्हणणं असं की कच्चेपणा प्लगइनमध्ये (संगणकातल्या इफेक्टमध्ये) नसतो. तो माइकच्या अलीकडे, खोलीत ठरतो. आपल्याकडच्या जॅमरूममध्ये (बँडच्या सरावाच्या खोलीत) हे करायचं असेल, तर कुठे काय बिघडतं ते सांगतो.

ड्रमला चार माइक पुरतात: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर आणि ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या पद्धतीचे दोन. त्यातला एक स्नेअरच्या बरोब्बर वर साधारण एक मीटरवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने स्नेअरकडे बघणारा. स्नेअरच्या मध्यापासून दोघांचं अंतर सारखंच हवं. सुतळी घेऊन मोजा, नजरेवर जाऊ नका. १७ सेंटिमीटरचा फरक पडला तरी स्नेअर एका माइकला अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. मग स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि लोक तासभर ईक्यू (आवाजाचा तोल बदलणारी बटणं) फिरवत बसतात. किकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करून बघा, जी जास्त भरीव वाटेल ती ठेवा.

छत बुटकं असेल तर वरच्या माइकला छताचा परतावा लगेच मिळतो. ड्रमच्या वर ५० मिलिमीटरची रॉकवूलची (दगडी लोकरीची) पॅनल टांगा, नसेल तर जाड गादी. अंड्यांचे ट्रे चिकटवून काहीही होत नाही, फक्त पाली वाढतात.

गिटारचा अँप (ॲम्प्लिफायर) छोटा घ्या, ५ ते १५ वॅटचा, आणि पार वरपर्यंत चढवा. ५० वॅटचा अँप दोनवर ठेवला की पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या नळ्या) झोपलेल्याच राहतात. आणि ५० वॅट म्हणजे ५ वॅटच्या दहापट आवाज नव्हे, कानाला साधारण दुप्पटच. त्यामुळे ५ वॅटलाही सोसायटीचे सेक्रेटरी वर येतातच, ते गृहीत धरा. माइक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, पण स्पीकरच्या मध्यावर नको, कडेकडे सरकवा. मध्यावर फझ कानात सुईसारखा टोचतो.

फझचं मात्र नीट समजून घ्या. ऑरबाख म्हटलं की लोकांना बिग मफ (पायाने चालवायचं फझ पेडल) आठवतो, आणि सगळे तोच विकत आणतात. या पेडलमध्ये मिड (आवाजाचा मधला भाग) खाली दाबलेले असतात, खालचा आणि वरचा भाग फुगलेला. बास नसलेल्या बँडला हे वरदान आहे, कारण गिटारच खालची जागा भरते. तुमच्याकडे बासवाला असेल तर तोच खालचा भाग बास आणि किक आधीच व्यापून बसलेले असतात. एकटं वाजवताना डोंगराएवढी वाटणारी गिटार बँड सुरू झाला की गायब. उपाय: अँपचे मिड वाढवा, बेसचं बटण कमी करा, पेडलचा सस्टेन (फझ किती ते ठरवणारं बटण) अर्ध्यावर आणा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फझ वापरत असाल तर उन्हाळ्यात जपून. ४० अंशाच्या खोलीत ट्रान्झिस्टरची गळती वाढते, बायस (ट्रान्झिस्टरचा ठरवलेला तोल) सरकतो आणि सूर मध्येच तुटायला लागतो. पेडल अँपवर ठेवू नका. ट्यूबची उष्णता थेट त्यालाच लागते.

हम (सततची घूं-घूं) येत असेल तर गिटारला शिव्या घालण्याआधी प्लगचं अर्थिंग तपासा. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात बऱ्याचदा वायरच नसते. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अँप असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, आणि तो गिटारच्या पिकअपपासून लांब ठेवा.

आता मुख्य भानगड: ब्लीड, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं. सगळे एकाच खोलीत वाजवणार म्हणजे गिटार ड्रमच्या माइकमध्ये शिरणार. शिरू द्या. दोन मीटरवरचा अँप सुमारे सहा मिलिसेकंदांनी तिथे पोचतो, खोलीचा वास येतो तो त्यामुळेच. पण मग गिटारवाल्याला ‘माझा एवढा भाग नंतर दुरुस्त करतो’ म्हणता येत नाही. नवी गिटार टाकली तरी जुनीचं भूत ड्रमच्या माइकमध्ये राहतंच. चुकलं तर अख्खा टेक (गाण्याचं सलग रेकॉर्डिंग) परत, सगळ्यांनी. गाणंही तिथेच घ्यायचं असेल तर गायकाने ड्रमकडे तोंड करून उभं राहावं. माइकची पाठ सगळ्यात कमी ऐकते आणि ती आपोआप ड्रमकडे जाते. गायकाच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाका.

क्लिक (कानातला मेट्रोनोम) बंद. कोरसला लय दोन-चार बीपीएमने (मिनिटातल्या ठोक्यांनी) चढली तर चढू दे. एका टेकचा कोरस दुसऱ्यात चिकटवता येणार नाही, हे मात्र आधीच मान्य करून बसा. तीन-चार टेक घ्या आणि त्यातला एक निवडा. त्यानंतर हात थकलेले असतात आणि जोश जाऊन नुसती अचूकता उरते.

संगणकावर घेताना सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा, शिखरं उणे ६ च्या खाली. घाण अँपमधून आली पाहिजे, कन्व्हर्टर (आवाज संगणकात नेणारं यंत्र) फाटून नव्हे. मिक्सला बसलात की टेप सॅच्युरेशनचं (टेपसारखा जाडपणा देणारं) प्लगइन शोधण्याआधी सगळे फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारे खटके) एका पातळीला लावून एकदा ऐका. तिथे गाणं उभं राहत नसेल तर माइक परत लावा.