हूड म्हणजे ढग नव्हे

इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याचा परवाना, हातात आलं की पोरांना वाटतं, आता ढगाचं काय एवढं! रेटिंगचे ते ४० तास बहुतेक हूडखाली (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर घालायची झापड) नाहीतर सिम्युलेटरवर गेलेले असतात. हूडच्या कडेतून ऊन आत येतं, सावली सरकते, आणि मेंदू त्या चोरट्या आधारावर विमान सरळ ठेवतो. जुलैतल्या मुंबईच्या ढगात तो आधार नाही.

तिथे कान फसवतो. एकाच दराने वळत राहिलात तर वीसेक सेकंदांत आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण थांबलंय असं वाटतं. अशा वेळी पायाशी पडलेलं पेन उचलायला वाकलात तर विमान कोलांटी मारतंय असा भास होतो. पेन नीबोर्डला (मांडीवर बांधायची लिहिण्याची पाटी) दोऱ्याने बांधा. हसू नका, बांधाच.

पहिला ढग पातळ थराचा निवडा, शेजारी इन्स्ट्रक्टर हवाच. सीबीपासून (गडगडाटी वादळी ढग) २० नॉटिकल मैल लांब. छापील मिनिमा (धावपट्टी दिसली नाही तर ज्याखाली उतरायचं नाही ती मर्यादा) २०० फूट असली तरी तुमची सुरुवातीची १००० फूट आणि ३ किलोमीटर दृश्यमानता ठेवा. पाच अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) नीट झाले, त्यात एक गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं), की ही मर्यादा २०० फुटांनी खाली आणा. घाई कसली?

आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) तिच्या सुईमागे धावू नका; धावपट्टी जवळ येईल तशी ती जास्त नाजूक होते. हेडिंग (नाकाची दिशा) पाच अंशांपेक्षा जास्त बदलायचं नाही. ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याचा ठरलेला उतार) ग्राउंडस्पीड ९० नॉट असेल तर उतरण्याचा दर मिनिटाला साधारण ४५० फूट. रनवे २७ वर समोरून २० नॉट वारा असला की तोच ३५०. पावसाळ्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) १००० हेक्टोपास्कलच्या आसपास येतं. अल्टिमीटरवर (उंचीमापक) प्रमाण दाब १०१३ तसाच राहिला तर तुम्ही दिसतं त्यापेक्षा जवळपास ३५० फूट खाली असता. डिसिजन हाइट (उतरायचं की वर जायचं हे ठरवण्याची उंची) २०० फुटांची, हे लक्षात घ्या.

गो-अराउंडमध्ये पॉवर दिल्यावर नाक फार वर गेल्यासारखं वाटतं आणि हात स्टिक पुढे ढकलतो. ॲटिट्यूड इंडिकेटर (क्षितिजाच्या तुलनेत विमान कसं आहे ते दाखवणारं उपकरण) काय म्हणतो तेच खरं.

काचेवर पाणी असताना आपण उंच आहोत असं वाटतं, म्हणून लोक खाली जातात. पापीचे (उतार बरोबर आहे का हे सांगणारे धावपट्टीशेजारचे दिवे) दोन पांढरे, दोन लाल दिवे बघा. आणि दिसलेली धावपट्टी आपलीच आहे ना, हेही. १९७२ मध्ये एक डीसी-८ प्रवासी जेट मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाऐवजी जवळच्या जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं होतं.